आधी डाग ओळखा, मग लेझर

बाळाच्या गालावर किंवा कपाळावर जन्मतःच लाल, जांभळा किंवा निळसर डाग दिसला की घरात दोन प्रश्न निघतात. पहिला आईला विचारला जातो : ग्रहण पाळलं नव्हतंस का? दुसरा डॉक्टरांना : लेझरने जाईल का?

पहिल्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. ग्रहणात काय चिरलं, गरोदरपणात काय खाल्लं, कोणते डोहाळे पुरले नाहीत, यांचा या डागाशी काडीचाही संबंध नाही. लाल डागांपैकी ‘पोर्ट-वाइन डाग’ या परिचित प्रकाराचं कारण २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांना सापडलं. गर्भाची वाढ सुरू असताना एखाद्या पेशीतल्या जीएनएक्यू नावाच्या जनुकात एक बारीकसा बदल होतो आणि त्या पेशीपासून पुढे तयार होणाऱ्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या निघतात. हा बदल आईकडून येत नाही आणि वडिलांकडूनही येत नाही. तो आपोआप घडतो आणि टाळता येत नाही. तेव्हा ज्या घरात आईला दोष दिला जात असेल, तिथे तो आजच थांबवावा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. काही डाग लेझरने छान फिके होतात, काही थोडेच होतात, काहींना लेझर लागतच नाही आणि काहींवर तो मारणं धोक्याचं असतं. डाग कशाचा आहे, त्यावर हे ठरतं. म्हणून लेझरकडे वळण्याआधी डागाची ओळख करून घेऊ.

डागात काय आहे?

चेहऱ्यावरच्या जन्मखुणांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एका गटात रंग रक्ताचा असतो, दुसऱ्यात मेलॅनिन या त्वचेच्या रंगद्रव्याचा. लाल, गुलाबी, जांभळा डाग बहुधा रक्तवाहिन्यांचा. तपकिरी, काळा, निळा-करडा डाग बहुधा मेलॅनिनचा. लाल डागावर स्वच्छ काच हलकेच दाबून पाहिली की रक्त बाजूला सरतं आणि डाग क्षणभर फिका दिसतो. रंगद्रव्याचा डाग दाबला तरी तसाच राहतो.

लाल गटात तीन प्रकार आहेत आणि नेमकी त्यांचीच गल्लत होते.

पहिला अगदी निरुपद्रवी. कपाळाच्या मधोमध, पापण्यांवर, मानेच्या मागे फिकट गुलाबी चट्टा असतो आणि बाळ रडलं की तो उठून दिसतो. कपाळावरचा आणि पापण्यांवरचा चट्टा बहुतेक बाळांत वर्ष-दोन वर्षांत विरतो. मानेवरचा राहिला तरी केसांखाली झाकला जातो. इथे काहीही करायचं नसतं.

दुसरा प्रकार हिमँजिओमा. हा जन्मताना दिसत नाही किंवा जेमतेम दिसतो. पहिल्या काही आठवड्यांत तो लालभडक होऊन फुगू लागतो, पुढचे काही महिने झपाट्याने वाढतो आणि मग काही वर्षांत हळूहळू ओसरतो. अनेकांना उपचार लागत नाहीत. मात्र तो डोळ्याजवळ, नाकावर, ओठावर असेल किंवा चेहऱ्याचा मोठा भाग व्यापत असेल, तर थांबून चालत नाही. पापणीवरच्या गाठीने डोळा झाकला गेला तर त्या डोळ्याची नजर कायमची मंद होऊ शकते. अशा बाळाला पहिल्या महिन्यातच तज्ज्ञांकडे न्यायला हवं. आणि इथला मुख्य उपचार लेझरचा नाहीच. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात डॉ. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ यांच्या लक्षात आलं की हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रॅनोलॉल हे जुनं औषध दिलेल्या बाळाचा हिमँजिओमाही मऊ आणि फिका पडतो आहे. तेव्हापासून जगभर हेच पहिलं औषध ठरलं आहे. त्याने नाडी मंदावू शकते आणि रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आणि दूध पाजून द्यायचं असतं. गाठ ओसरल्यावर उरलेल्या लालीसाठी लेझरचा उपयोग होतो.

तिसरा प्रकार पोर्ट-वाइन डाग. हजारात साधारण तीन बाळांना तो असतो. जन्मतःच दिसतो, सपाट असतो, बहुधा चेहऱ्याच्या एकाच बाजूला असतो आणि मूल वाढतं तसा त्याच प्रमाणात वाढतो. आपोआप तो जात नाही. बालपणी गुलाबी, मग लाल, मोठेपणी जांभळा होत जातो. चाळिशीच्या आसपास काहींची त्वचा जाड होते, तिच्यावर बारीक गाठी येतात, त्या बाजूचा ओठ किंवा हिरडी सुजल्यासारखी वाढते. सोव्हिएत संघाचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या डोक्यावरचा लाल डाग याच प्रकारचा होता.

मेलॅनिनच्या गटात आपल्याकडे लक्ष द्यायला हवं ते ओटा नीव्हसकडे. जपानी त्वचारोगतज्ज्ञ मासाओ ओटा यांनी १९३९ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. डोळ्याभोवती, गालावर, कपाळाच्या एका बाजूला निळा-करडा किंवा तपकिरी ठिपक्यांचा पट्टा असतो आणि बऱ्याचदा त्या बाजूच्या डोळ्याचा पांढरा भागही निळसर असतो. हा डाग आशियाई लोकांत जास्त आणि स्त्रियांत पुरुषांहून अधिक दिसतो. काहींना जन्मापासून, तर काहींना वयात येताना तो उमटतो. पुष्कळ मुलींच्या बाबतीत त्याला वांग समजून वर्षानुवर्षं क्रीम फासलं जातं. क्रीमने तो जाणं शक्य नाही. वांगाचं रंगद्रव्य बव्हंशी त्वचेच्या वरच्या थरात असतं, ओटाचं मात्र खोलवर असतं आणि खोल असल्यामुळेच तो निळा दिसतो.

याच गटात दुधाळ कॉफीच्या रंगाचे सपाट चट्टेही येतात. लेझरने ते कधी जातात, कधी जाऊन परत येतात, खात्री देता येत नाही. जाडसर, काळा, केस असलेला जन्मजात तीळ ही मात्र वेगळी बाब. मोठ्या तिळात पुढे कर्करोगाचा धोका थोडा असतो. त्यावर नुसता लेझर मारून वरचा रंग पुसला तर खालच्या पेशी तशाच राहतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणं अवघड होतं. अशा तिळाची आधी तपासणी व्हावी आणि गरज पडली तर शस्त्रक्रियेचा विचार व्हावा.

लेझर नेमकं काय करतो?

थिओडोर मेमन यांनी १९६० साली पहिला लेझर चालवला. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात डॉ. लिऑन गोल्डमन यांनी तो त्वचेवर वापरून पाहिला. पुढे १९७०च्या दशकात आर्गॉन लेझर आला आणि त्याने पोर्ट-वाइन डाग खरोखर फिके होऊ लागले. पण त्याची उष्णता रक्तवाहिनीपुरती राहत नसे. आजूबाजूची त्वचाही भाजे आणि अनेक रुग्णांच्या चेहऱ्यावर डागाच्या जागी कायमचे व्रण उरत.

ही अडचण १९८३ साली सुटली. बॉस्टनच्या डॉ. रॉक्स अँडरसन आणि डॉ. जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक तत्त्व मांडलं. ज्या गोष्टीला मारायचं तीच शोषून घेईल असा प्रकाशाचा रंग निवडा आणि तो इतका थोडा वेळ द्या की उष्णता बाहेर पसरायला सवडच मिळू नये. आजचे जन्मखुणांचे सगळे लेझर या तत्त्वावर चालतात. त्याची दोन अंगं आहेत, रंग आणि वेळ.

रंगाचं पाहू. रक्तातलं हिमोग्लोबिन पिवळा प्रकाश चांगला शोषतो. त्याच्या शोषणाचं एक शिखर ५७७ नॅनोमीटर तरंगलांबीला आहे. त्याहून थोडी लांब लहर त्वचेत जरा खोल उतरते, म्हणून पोर्ट-वाइन डागासाठी ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. तो देणाऱ्या यंत्राला पल्स्ड डाय लेझर म्हणतात. मेलॅनिन जवळजवळ सगळेच रंग शोषतं, पण लहर लांब होईल तसं कमी कमी. ओटासाठी १०६४ नॅनोमीटरची, डोळ्याला न दिसणारी लहर चालते ती यामुळेच. ती वरच्या थरातल्या मेलॅनिनला फारसा धक्का न लावता खोलवर पोचते.

आता वेळ. दिव्याच्या ज्योतीवरून बोट झर्कन फिरवलं तर भाजत नाही, तेच धरून ठेवलं तर फोड येतो. लेझरमध्ये हा हिशेब फार बारीक होतो. पोर्ट-वाइन डागातली केसाहून बारीक रक्तवाहिनी तापली की साधारण एक-दोन मिलिसेकंदांत तिची उष्णता बाहेर झिरपू लागते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. म्हणून प्रकाशाचा ठोका त्याच्याआधी संपायला हवा. मेलॅनिनचे कण तर रक्तवाहिनीच्या मानाने अतिशय लहान. त्यांच्यासाठी ठोका नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजतात. त्या लेझरला क्यू-स्विच्ड म्हणतात. अलीकडे त्याहूनही आखूड ठोक्याचे पिकोसेकंद लेझर आले आहेत.

म्हणून ‘आमच्याकडे लेझर आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. नको असलेले केस काढण्याचा लेझर, वांगासाठी वापरलं जाणारं यंत्र आणि पोर्ट-वाइन डागाचा लेझर ही तीन वेगळी हत्यारं आहेत. चुकीच्या यंत्राने डाग जात नाहीच, उलट व्रण मागे राहू शकतो.

सगळ्यांत आधी डोळा आणि मेंदू

पोर्ट-वाइन डाग कपाळावर आणि वरच्या पापणीवर असेल, तर लेझरची तारीख ठरवण्याआधी एक गोष्ट करायला हवी. त्याच बिघडलेल्या रक्तवाहिन्या काही मुलांत डोळ्याच्या आत आणि मेंदूच्या आवरणावरही असतात. याला स्टर्ज-वेबर सिंड्रोम म्हणतात. इंग्रज डॉक्टर विल्यम ॲलन स्टर्ज यांनी १८७९ साली त्याची नोंद केली. अशा मुलांना फिट येऊ शकतात, शरीराची एक बाजू कमजोर पडू शकते आणि डोळ्यात काचबिंदू होऊ शकतो. बाळपणी काचबिंदूची तक्रार सांगणारं कुणी नसतं. डोळा मोठा किंवा धूसर दिसणं, सतत पाणी येणं, उजेड सहन न होणं, एवढ्याच खुणा मिळतात. तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा दाब तपासून घ्यावा आणि पुढेही नियमित तपासत राहावा. बाळाला झटके आले किंवा डाग मोठा असला तर मेंदूविकारतज्ज्ञ एमआरआय सुचवतात.

ओटा नीव्हसमध्येही डोळ्याची तपासणी सुटता कामा नये. या रुग्णांपैकी साधारण दहात एकाच्या डोळ्याचा दाब वाढलेला किंवा काचबिंदू झालेला आढळतो. वर्षातून एकदा दाब मोजणं आणि आतल्या पडद्याची तपासणी करणं हे उपचाराचाच भाग समजा, मग लेझर करा अथवा करू नका. डोळ्याच्या पांढऱ्या भागातला निळेपणा लेझरने काढत नाहीत, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

पोर्ट-वाइन डागाची एक बैठक

उपचाराच्या प्रत्येक वेळेला सिटिंग म्हणायची पद्धत आहे. पहिल्या सिटिंगआधी फोटो काढतात. दर वेळी तोच उजेड, तोच कोन. हा आग्रह धरा, कारण डाग इतका हळूहळू फिका होतो की रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही. मग डागाच्या एका कोपऱ्यात दोन-चार ठोके देऊन त्वचा कशी वागते ते पाहतात आणि काही आठवड्यांनी पूर्ण भाग घेतात.

ठरलेल्या दिवशी तासभर आधी बधिरतेचं मलम लावून वरून पारदर्शक पट्टी चिकटवतात. या मलमाने रक्तवाहिन्या आकसून डाग तात्पुरता फिका दिसू शकतो, म्हणून त्याची कड आधीच आखून घेतात. आखायला गडद शाई घेत नाहीत, कारण ती शाईच प्रकाश शोषून त्वचा भाजवेल. छोट्या बाळाला हे मलम किती आणि किती जागेवर लावायचं ते डॉक्टरांनीच ठरवावं. जास्त झालं तर त्यातल्या प्रिलोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. घरून आपल्या मनाने थापून नेऊ नये.

खोलीचं दार आतून बंद होतं. आत असणारा प्रत्येक जण, बाळाला धरणारे आई-बाबासुद्धा, त्या लेझरसाठी बनवलेला चष्मा लावतो. रुग्णाच्या डोळ्यांवर अपारदर्शक झाकण बसतं. पापणीवरच काम करायचं असेल तर डोळ्यात भूल देणारे थेंब घालून बुबुळावर धातूची गुळगुळीत वाटी बसवतात. भुवया आणि पापण्यांचे केस जपावे लागतात, नाहीतर ते जळतात.

डॉक्टर हातातलं टोक त्वचेजवळ आणतात आणि पायाने पेडल दाबतात. त्या क्षणात दोन गोष्टी घडतात. आधी टेट्राफ्लुओरोइथेन या वायूचा बारीक फवारा सुटतो. उणे २६ अंशांना उकळणारा हा द्रव त्वचेवर पडताच उडून जातो आणि वरचा थर थंड करतो. फवारा मिलिसेकंदांत संपतो, पाठोपाठ तितकीच छोटी उसंत आणि मग पिवळ्या प्रकाशाचा ठोका. रुग्णाला आधी गार आणि लगेच चटका जाणवतो. वरची त्वचा थंड राहते, खालची रक्तवाहिनी तापते आणि तिच्यातलं रक्त गोठतं. जिथे ठोका पडला तिथे पाहता पाहता काळसर-जांभळं वर्तुळ उमटतं. त्याचा व्यास सात किंवा दहा मिलिमीटर असतो. त्याच्या कडेला जरासं चढवून पुढचं, मग त्याच्या शेजारी पुढचं, असा सगळा डाग भरत जातो. गालाएवढ्या भागाला काही मिनिटं पुरतात. वर्तुळाचा रंग पांढुरका-करडा होऊ लागला तर शक्ती जास्त झाली असं समजून डॉक्टर लगेच ती उतरवतात.

घरी जाताना चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो, हे मनाशी पक्कं धरून चला. सूज दोन-तीन दिवस राहते आणि डोळ्याजवळ काम झालं असेल तर सकाळी डोळा उघडायला त्रास होतो. जांभळा रंग जायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. या काळात स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरावा, साधी पेट्रोलियम जेली लावावी, झोपताना उशी उंच घ्यावी, खपली निघाली तर ती सोलू नये आणि उन्हात जाऊ नये. हळद, लिंबू, टूथपेस्ट, कोरफड यांतलं काहीही लावू नये. फोड आला, पू दिसला किंवा ताप आला तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पुढची सिटिंग साधारण चार ते आठ आठवड्यांनी. मेलेल्या रक्तवाहिन्या शरीर त्या काळात स्वतःच साफ करतं.

किती फिका होईल?

१९८९ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी ३५ मुलांवर पल्स्ड डाय लेझर वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध केला आणि मुलांनाही व्रण न ठेवता हा उपचार देता येतो हे दिसून आलं. तेव्हापासून हाच पोर्ट-वाइन डागाचा प्रमाण उपचार मानला जातो. तरीही डाग पूर्णपणे जाणारे रुग्ण थोडेच असतात. बहुतेकांचा डाग बराच फिका होतो, काहींना कमी उतार पडतो. कपाळ, गालाची बाहेरची बाजू, मान हे भाग चांगली साथ देतात. नाकाशेजारचा गाल आणि वरचा ओठ हट्टी असतात, कारण तिथल्या वाहिन्या बहुधा खोल असतात. सर्वांत जास्त फरक सुरुवातीच्या काही सिटिंगमध्ये दिसतो, पुढे वेग मंदावतो. एकूण आठ-दहा किंवा त्याहून जास्त सिटिंग लागतात. काही वर्षांनी उरलेल्या वाहिन्या पुन्हा रुंदावून रंग थोडा परत येऊ शकतो आणि मग अधूनमधून एखादी सिटिंग घ्यावी लागते.

‘शंभर टक्के जाईल’ असं पहिल्याच भेटीत सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहा. ‘फिका होईल, किती ते चार-पाच सिटिंगनंतर सांगतो’ असं म्हणणारा डॉक्टर खरं बोलतो आहे.

ओटाची गोष्ट वेगळी

ओटा नीव्हसच्या रुग्णांना दिलासा देता येतो. पूर्वी यावर त्वचा घासून काढणं, गोठवलेला कार्बन डायऑक्साइड लावणं असले उपाय होत आणि त्यांचे व्रण उरत. १९९४ साली जपानमधल्या ११४ रुग्णांवरचा क्यू-स्विच्ड रूबी लेझरचा अनुभव प्रसिद्ध झाला. सिटिंग वाढल्या तसा डाग अधिक फिका होत गेला आणि व्रण उरले नाहीत. आपल्या सावळ्या वर्णाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर अधिक सुरक्षित मानला जातो. त्याची यंत्रं भारतातल्या शहरांत बऱ्याच ठिकाणी आहेत, त्यामुळे उपचार तुलनेने हाताशी आहे.

ठोका पडला की त्वचा क्षणभर पांढुरकी होते. आत मेलॅनिनचे कण फुटून चुरा होतो आणि हा चुरा शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी महिनोन्महिने उचलत राहतात. वर बारीक रक्ताचे ठिपके आणि मग पातळ खपली येते, ती आठ-दहा दिवसांत गळते. दोन सिटिंगमध्ये दोन-तीन महिने जाऊ द्यावे लागतात. घाई करून दर पंधरा दिवसांनी लेझर मारल्याने डाग लवकर जात नाही, उलट त्या जागी पांढरे ठिपके पडण्याचा धोका वाढतो. चार ते आठ सिटिंग धरून चला, खोल निळ्या डागाला त्याहून जास्त.

आपली त्वचा आणि ऊन

लेझरवरची सुरुवातीची बरीच पुस्तकं गोऱ्या त्वचेवरच्या अनुभवाने लिहिलेली आहेत. आपल्या त्वचेत वरच्या थरात मेलॅनिन जास्त असतं. रक्तवाहिनीकडे निघालेल्या पिवळ्या प्रकाशाला आधी ते गाठतं आणि बराचसा प्रकाश वाटेतच शोषून घेतं. परिणामी रक्तवाहिनीला कमी मिळतं आणि वरची त्वचा जास्त तापते. म्हणून आपल्याकडे शक्ती जपून वाढवतात आणि थंडावा काटेकोर देतात. एवढं करूनही काहींना लेझरच्या जागी काळपटपणा येतो. तो बहुधा काही महिन्यांत उतरतो, पण तोवर पुढची सिटिंग थांबवावी लागते.

इथे रुग्णाच्या हातात असलेली एक गोष्ट म्हणजे ऊन टाळणं. रापलेल्या चेहऱ्यावर लेझर घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये गावी जत्रेला, लग्नकार्याला उन्हात फिरणार असाल तर सिटिंग पुढे ढकला. टोपी, ओढणी, छत्री आणि किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन ही औषधाइतकीच महत्त्वाची आहेत.

कोणत्या वयात?

पोर्ट-वाइन डागाचा उपचार पहिल्या वर्षात सुरू करावा असं अनेक तज्ज्ञांचं मत आहे. डाग लहान असतो, त्वचा पातळ असते, वाहिन्या बारीक असतात, आणि काही महिन्यांच्या बाळाला कपड्यात गुंडाळून घट्ट धरलं तर काही मिनिटांचं काम पूर्ण भुलीशिवाय उरकता येतं. दोन-तीन वर्षांचं मूल मात्र भीतीने हात-पाय झाडतं आणि मोठा डाग असेल तर भूल द्यावी लागते. तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा लांबलेली भूल देताना विचार करावा, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली दिला आहे. तेव्हा दर महिन्याला भूल देऊन लेझर करण्यात मुलाला मिळणारा फायदा आणि जोखीम यांचा हिशेब बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञांबरोबर बसून करावा. शाळकरी मूल समजावल्यावर मलमावरच तयार होतं.

मोठेपणीही वेळ गेलेली नसते. चाळिशी-पन्नाशीतल्या जाड, जांभळ्या डागालाही उपचार आहेत, फक्त यंत्र आणि अपेक्षा बदलतात. आणि ज्याला लेझर नकोच असेल त्याच्यासाठी डाग झाकणारा खास मेकअप मिळतो. ज्याला काहीच नको असेल त्याचाही मान राखायला हवा. चेहरा त्याचा आहे. मूल समजण्याच्या वयाचं झालं की त्याला विचारल्याशिवाय पुढची तारीख घेऊ नये.

दवाखान्यात काय विचाराल?

त्वचारोगातली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका असलेल्या डॉक्टरकडेच जा. ब्यूटी पार्लर आणि ‘स्किन स्टुडिओ’ ही या कामाची जागा नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात निदान तरी नक्की होतं, आणि पुढे कोणत्या केंद्रात जावं हे तिथून कळतं. पल्स्ड डाय लेझर महागडा असल्याने मोजक्याच केंद्रांत असतो. तो नसलेल्या ठिकाणी आयपीएल (तीव्र प्रकाशाचे ठोके देणारं यंत्र) किंवा लांब ठोक्याचा एनडी-याग सुचवला जातो. आयपीएल हा लेझर नाही, आणि लांब ठोक्याचा एनडी-याग रक्तवाहिनीवर वापरताना जरा जास्त झालं तर व्रण पडतो. त्यांनी काम होऊ शकतं, पण ते वापरणारा हात अनुभवी हवा.

जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरंही लिहून घ्या :

- हा डाग नेमका कोणत्या प्रकारचा आहे?
- डोळ्याची किंवा मेंदूची तपासणी आधी लागेल का?
- कोणता लेझर, किती नॅनोमीटरचा वापरणार?
- आमच्यासारख्या वर्णाच्या किती रुग्णांवर तुम्ही तो वापरला आहे, त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवाल का?
- आधी छोट्या भागावर चाचणी करणार का?
- एका सिटिंगचा खर्च किती, आणि किती सिटिंगनंतर थांबायचं की पुढे जायचं हे ठरवू?

विमा असेल तर खर्च मिळणार की नाही हे कंपनीकडून लेखी घ्या. अनेक पॉलिसी हा उपचार सौंदर्यासाठीचा म्हणून नाकारतात. डोळ्याचा दाब, जाड होत जाणारी त्वचा, रक्तस्राव यांची डॉक्टरांनी केलेली नोंद अशा वेळी उपयोगी पडते.

पैशाची आणि वेळेची जुळवाजुळव व्हायला उशीर लागला तरी हरकत नाही. ओळख आणि डोळ्याची तपासणी मात्र पुढे ढकलू नका. तुमच्या घरात किंवा शेजारी चेहऱ्यावर डाग असलेलं बाळ असेल, तर या महिन्यातच त्याला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि डाग डोळ्याभोवती असेल तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांनाही.